वास बाहेर जाता कामा नये

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या फ्लॅटबुश भागात, एका अर्धवट मांडलेल्या बिऱ्हाडात, चिनाझा नावाची नवी नवरी भात शिजवते आहे. नारळाचा भात, पण आपला गूळ-वेलदोड्याचा नव्हे. तिखटमिठाचा, नायजेरियात करतात तसा. लागोसहून येताना तिने मसाल्याचे उझिझाचे दाणे आणले होते, कित्येक आठवडे उन्हात वाळवून खडखडीत केलेले. विमानतळावरच्या कस्टमवाल्या बाईने ते काढून घेतले. न जाणो, ही बाई अमेरिकेच्या मातीत ते पेरायची! तेव्हा आहे त्या सामानावर भात झाला आहे आणि त्याचा वास जिन्यापर्यंत पोचला आहे. शेजारची म्हातारी शर्ली त्या वासाची तोंडभरून तारीफ करते, आम्हा लोकांकडे संस्कृती अशी काही राहिलीच नाही, असंही म्हणते. नवराही तिच्या हो ला हो मिळवतो. आणि मग लगोलग एक जाडजूड अमेरिकन पाककृतींचं पुस्तक आणून बायकोच्या हातात ठेवतो. परक्या खाण्याच्या वासाने इमारत भरून टाकणारे लोक म्हणून आपली ओळख व्हायला नको, हे त्याचं म्हणणं.

चिमामांडा न्गोझी अदिचीच्या २००९ साली आलेल्या ‘द थिंग अराउंड युअर नेक’ या संग्रहातली ही कथा, ‘द अरेंजर्स ऑफ मॅरेज’. मराठी वाचकाला तिची सुरुवात परकी वाटणारच नाही. आईबाप नसलेली मुलगी, काका-काकूंनी वाढवलेली. अमेरिकेतल्या डॉक्टर मुलाचं स्थळ. घरात लॉटरी लागल्यासारखा आनंद. आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकात अशी किती लग्नं लागली ते वेगळं सांगायला नको. माझा जीव अडकतो तो मात्र त्या भाताच्या प्रसंगात. शेजारणीने नाक मुरडलेलं नाही. कुणी तक्रार केलेली नाही. घरमालकाची नोटीस नाही, पोलिस नाहीत, गोऱ्या माणसाचा एक वाकडा शब्द नाही. तरी भात बंद होतो.

वर्ण माणसाच्या दिवसात कसा शिरतो, याचं इतकं नेमकं चित्र एखाद्या मोर्च्याच्या किंवा कोर्टाच्या वर्णनातून मिळालं नसतं. मोर्चा वर्षातून एकदा निघतो. स्वयंपाक रोज असतो. आज काय शिजवायचं, केस कसे बांधायचे, मुलीला कुणाच्या शेजारी बसू द्यायचं, दारावर कुठलं नाव लावायचं, बसमध्ये पिशवी मांडीवर ठेवायची की पायाशी, असल्या गोष्टी सकाळी उठल्यापासून बाई ठरवत असते आणि आपण काही ठरवतो आहोत हे तिच्या लक्षातही येत नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या काही चांगल्या लेखिकांनी नेमकी हीच जागा पकडली. त्यांच्या कथांमधली बाई काही करण्याआधी मनात एक हिशोब करते: हे केलं तर मला काय म्हणतील, माझ्या मुलीला काय म्हणतील, माझ्यासारख्या सगळ्यांना काय म्हणतील? शेवटचा प्रश्न सगळ्यात जड. गोऱ्या बाईने खरपूस मासा तळला तर वास माशाचा असतो. हिने तळला तर तो तिच्या अख्ख्या जमातीचा होतो.

अदिचीच्या कथेत हा हिशोब नवरा मांडतो, किंमत मात्र बायको मोजते. तो मूळचा ओफोडिले. अमेरिकेत डेव्ह बेल झाला. चिनाझाच्या कागदपत्रांवर तो अगाथा बेल लिहितो. बिस्किटाला बिस्कीट म्हणायचं नाही, लिफ्टला लिफ्ट म्हणायचं नाही, चारचौघांत इग्बो बोलायचं नाही. दुकानात स्पॅनिश बोलणारी एक आई दिसते तर तो बायकोला बजावतो की असली माणसं इथे कधी वर येत नाहीत. हा माणूस खलनायक नाही, हे अदिचीचं कौशल्य. तो घाबरलेला आहे. दवाखान्यात मर मर राबून, जो काही मान मिळवला तो एका वासाने जाईल असं त्याला मनापासून वाटतं. त्याचा राग येतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर वेगळं वागलो असतो का, याची खात्री देता येत नाही.

याच कथेत त्याच इमारतीत निया राहते. ती अमेरिकेतच जन्मलेली कृष्णवर्णी बाई. केशकर्तनाचं दुकान चालवते. वयाच्या अठराव्या वर्षी तिने स्वतःसाठी हे स्वाहिली नाव निवडलं, काही वर्षं टांझानियात राहूनही आली. म्हणजे एका जिन्यावर दोन बायका: एकीने आफ्रिकी नाव हौसेने घेतलं, दुसरीचं आफ्रिकी नाव नवऱ्याने पुसलं. चिनाझाला हे जाणवतं, पण अदिची त्यावर भाष्य करत बसत नाही. नाव निवडण्याची चैन कुणाला परवडते, हे दोघींच्या परिस्थितीतून आपोआप कळतं. नियाला कुणी मायदेशी हाकलून देणार नाही. चिनाझाचे कागद अजून व्हायचे आहेत.

नियाचं दुकान केसांचं आहे, हाही योगायोग नव्हे. या बायकांच्या कथांमध्ये केसांशिवाय पान हलत नाही. त्याच संग्रहातल्या ‘इमिटेशन’मध्ये न्केम फिलाडेल्फियाच्या उपनगरात मुलांना घेऊन राहते, नवरा लागोसला. तिकडे त्याने दुसरी बाई ठेवली आहे आणि तिचे केस आखूड, बारीक कुरळे आहेत, असं न्केमच्या कानावर येतं. न्केम न्हाणीघरात जाते आणि स्वतःचे लांब सरळ केस कापून टाकते. आपण म्हणू, मत्सर. जगातल्या कुठल्याही बाईची गोष्ट. पण ते लांब सरळ केस तरी तिचे कुठे होते? ते सरळ करवून घेतलेले, नवऱ्याला आवडतात म्हणून राखलेले. मूळचे कुरळे कुणाला आवडावेत असं तिला कधी सुचलंच नव्हतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण मराठी वाचकाला हे नटण्यामुरडण्याचं प्रकरण वाटू शकतं. ते पोटापाण्याचं प्रकरण आहे. घट्ट कुरळे केस सरळ करायला पिढ्यान् पिढ्या अल्कलीची क्रीम वापरली जाते. ती डोक्यावर घटकाभर जास्त राहिली तर कातडी भाजते, आणि मुली ती आठ-दहा वर्षांच्या वयापासून सोसतात. २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधल्या संशोधकांनी सुमारे ३३ हजार बायकांच्या पाहणीवरून दाखवलं की केस सरळ करणारी रसायनं वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळलं. ही रसायनं सगळ्यात जास्त कोण वापरतं हे उघड आहे. मग सोडून द्या की, असं म्हणणं सोपं. पण २०१४ साली अमेरिकन लष्कराने बायकांच्या केशरचनेचे जे नियम काढले त्यात पीळ घातलेल्या बटांना आणि जाड वेण्यांना मनाई होती. बोभाटा झाल्यावर त्याच वर्षी त्यातला काही भाग मागे घ्यावा लागला. आणि केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून नोकरीत वा शाळेत भेदभाव करता येणार नाही, असा कायदा करणारं पहिलं राज्य कॅलिफोर्निया, साल २०१९. म्हणजे त्याआधी मुलाखतीला जाणारी बाई सकाळी आरशासमोर उभी राहून जे ठरवत होती त्यात आवड किती आणि भाकरी किती, हे तुम्हीच ठरवा. कथालेखिका असले आकडे देत नाहीत. न्हाणीघरातली कात्री दाखवली की त्यांचं काम होतं.

वासाकडे परत येतो. झुम्पा लाहिरीच्या ‘मिसेस सेन्स’ या कथेतली बाई आपल्याला आणखी जवळची. १९९९ च्या ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’मधली ही कथा. मिस्टर सेन विद्यापीठात गणित शिकवतात. मिसेस सेन घरी एलियट नावाच्या अकरा वर्षांच्या गोऱ्या मुलाला शाळेनंतर सांभाळतात. त्यांनी कलकत्त्याहून विळी आणली आहे. बंगालीत तिला बोटी म्हणतात, पण लाकडी पाटाला जोडलेलं ते वाकडं पातं आपल्या घरातलंच. बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून त्या मांडी ठोकून बसतात आणि भाजी चिरतात. चिरणं चालू असेपर्यंत मुलाने जागचं हलायचं नाही. तिकडे लग्नघरी साऱ्या आळीतल्या बायका रात्रभर विळ्या घेऊन बसायच्या, गप्पांना ऊत यायचा, हे त्या त्याला सांगतात. एके दिवशी किनाऱ्यावरच्या दुकानातून ताजा मासा घेऊन त्या बसने परततात. एक म्हातारी ड्रायव्हरच्या कानाशी लागते. ड्रायव्हर विचारतो, पिशवीत काय आहे. इंग्रजी येतं का तेही विचारतो. मग एलियटला त्यांची खिडकी उघडायला सांगतो. बस. एवढाच प्रसंग. आरडाओरडा नाही, शिवी नाही. त्यानंतर त्या बसचा नाद सोडतात आणि ज्या मोटारीची त्यांना धडकी भरते ती स्वतः चालवायला घेतात, माशासाठी. पुढे काय होतं ते कथेतच वाचावं.

अमेरिकेतल्या मराठी घरांतही बांगडे तळायचे तर आधी कोट आणि स्वेटर कपाटात बंद होतात, मुलांची दप्तरं आत जातात, धूर ओढणारा पंखा लागतो. उद्या शाळेत, ऑफिसात अंगाला वास यायला नको. हा हिशोब आपल्यालाही येतो. पण म्हणून आपलं आणि तिथल्या कृष्णवर्णी बायकांचं सगळं एकच, असं मानू नये. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारं शिकलेल्या आशियाई माणसांसाठी उघडली. सेनबाईंचे यजमान प्राध्यापक म्हणून तिथे आले, आपले इंजिनिअर आले, डॉक्टर आले. सेनबाईंना बसमधून उतरल्यावर जायला घर आहे आणि त्या शहरात कुणी त्यांच्याकडे पाहून पर्स छातीशी धरत नाही. दुकानातला पहारेकरी आपल्या मागोमाग फिरत नाही. आपल्यातल्या कित्येकांनी तर डेव्ह बेलप्रमाणे पहिला धडा हाच गिरवला की ‘त्या’ वस्तीत घर घ्यायचं नाही. तोही वर्णाने घडवलेला रोजचा निर्णयच. आपल्या इथल्या कथा-कादंबऱ्यांमध्ये तो फारसा येत नाही, यायला हवा.

आता उलट बाजू. डॅनिएल इव्हान्सच्या ‘बॉइज गो टू ज्युपिटर’ या कथेतली क्लेअर गोरी आहे, कॉलेजात शिकते, सुट्टीत बापाकडे आली आहे. बापाने दुसरं लग्न केलेलं, सावत्र आईशी हिचं जमत नाही. एका तात्पुरत्या मित्राने दिलेली बिकिनी ती अंगावर चढवते, मुख्यतः सावत्र आई चिडेल म्हणून. बिकिनीवर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैन्याचा झेंडा छापलेला आहे. मित्र फोटो काढतो, इंटरनेटवर टाकतो. तो फोटो तिच्या कॉलेजातल्या वसतिगृहात त्याच मजल्यावर राहणाऱ्या कार्मेन या कृष्णवर्णी मुलीपर्यंत पोचतो आणि तिथून सगळीकडे. क्लेअरला माफी मागता आली असती. ती कार्मेनच्या दाराखालून त्याच झेंड्याचं पोस्टकार्ड सरकवते.

मला ही कथा या विषयावरच्या बहुतेक कथांपेक्षा धारदार वाटते, कारण इव्हान्सने हिशोब न करणाऱ्या बाईचा हिशोब मांडला आहे. कार्मेन, निया, चिनाझा यांना अंगावर काय घालायचं, काय शिजवायचं याचा दहादा विचार करावा लागतो. क्लेअरला एकदाही करावा लागत नाही. वर्ण तिच्याही निवडी घडवतो, पण हलक्या हाताने. चूक झाली तर ती ‘एका मुलीची चूक’ राहते, साऱ्या गोऱ्या जातीची होत नाही. उलट वर्तमानपत्रवाले, पुढारी, हौशे-गवशे तिच्या बाजूने उभे राहतात आणि ती त्यांच्या आधाराने आणखी ताठरते. लहानपणी तिची जिवाभावाची मैत्रीण कृष्णवर्णी होती. त्या मैत्रिणीचा भाऊ कसा मेला आणि त्या रात्री क्लेअर कुठे होती, हेही कथेत हळूहळू उलगडतं. तो अपघात कथेला किंचित जास्त जड करतो असं माझं मत आहे. त्याच्याशिवायही क्लेअर उघडी पडली असती. पण इव्हान्सने तिला राक्षसीण केलेली नाही. आई गमावलेली पोर आहे ती. तिचं दुःख खरं आहे, आणि त्या खऱ्या दुःखाला ती ढालीसारखं वापरते. २०२० साली ‘द ऑफिस ऑफ हिस्टॉरिकल करेक्शन्स’ या संग्रहात ही कथा आली.

नफिसा थॉम्प्सन-स्पायर्सची ‘बेल लेत्र’ मात्र हसवते. दोन उच्चशिक्षित आया, दोघी डॉक्टरेट मिळवलेल्या, एकमेकींना पत्रं लिहितात; पत्रं मुलींच्या दप्तरांतून जातात-येतात. खाजगी शाळेच्या त्या वर्गात कृष्णवर्णी मुली दोनच, आणि त्या याच दोघींच्या. बाहेरच्याला वाटेल, या दोघींनी एकमेकींच्या गळ्यात गळे घालावेत. पण शिक्षक, इतर पालक, सगळे दोघा पोरींना एका तागडीत तोलणार, हे दोघींना पक्कं ठाऊक. मग प्रत्येकीला आपली पोर त्या दुसरीपासून वेगळी दिसायला हवी. सुरुवातीचं शिष्टाचाराचं इंग्रजी पत्रागणिक घसरत जातं, पदव्या मात्र प्रत्येक सहीखाली जशाच्या तशा राहतात. नळावरचं भांडण लेटरहेडवर. आपली मुलगी कुणाशी खेळेल, हे साधं आईपण. त्यावर बाहेरच्या नजरेची सावली पडली की काय होतं ते ही कथा दाखवते, आणि कुठेही उपदेश करत नाही.

मराठी माणसाने हे सगळं ‘तिकडचं’ म्हणून वाचावं का? आपला त्या इतिहासाशी संबंध जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामांना मुक्त केलं. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सचं नाव आठवूनच. तरीही जात म्हणजे वर्ण नव्हे. जात कातडीवर दिसत नाही, त्यामुळे ती हुडकण्याची आपली तऱ्हा वेगळी. उर्मिला पवारांच्या ‘कवच’ कथेत कोकणातली एक आई बाजारात आंबे विकायला बसते. गिऱ्हाइकांच्या द्व्यर्थी बोलण्याने तिच्या शाळकरी पोराचा जीव कासावीस होतो, तिने जाऊच नये असं त्याला वाटतं. तिला मात्र आंबे विकायचेच असतात. टोपली घेऊन बाजारात बसायचं की नाही, हा निर्णय बाहेरून पाहिला तर केवढासा. अदिचीची चिनाझा माझ्या मनात या आईच्या शेजारी येऊन बसते, दोघी एकसारख्या आहेत म्हणून नव्हे. दोघींच्याही बाबतीत घरातला पुरुष, मोठा असो की कोवळा, बाहेरच्या नजरेने आधी शरमतो म्हणून.

हुडकण्याची तऱ्हा म्हणालो, तिची कसोटी घेणारी एक कथा आहे. टोनी मॉरिसन यांची, ‘रेसिटाटिफ’. कादंबऱ्यांसाठी ख्यातनाम असलेल्या या लेखिकेने आयुष्यात प्रसिद्ध केलेली ही एकुलती एक कथा. १९८३ साली ती अमिरी बराका आणि अमीना बराका यांनी संपादित केलेल्या एका संकलनात आली, आणि २०२२ साली झेडी स्मिथच्या प्रस्तावनेसह तिचं स्वतंत्र पुस्तक निघालं. ट्वायला आणि रॉबर्टा, आठ वर्षांच्या दोन मुली, सरकारी अनाथालयात चार महिने एका खोलीत राहतात. खऱ्या अनाथ त्या नाहीत. एकीची आई रात्रभर नाचते, दुसरीची आजारी असते. एक गोरी, एक काळी, एवढं कथा सुरुवातीलाच सांगते. कोण कोणती, हे शेवटपर्यंत सांगत नाही.

आणि मग वाचक कामाला लागतो. ट्वायलाच्या आईने तिला शिकवलं होतं की ते दुसरे लोक कधी केस धुत नाहीत आणि त्यांच्या अंगाला वास येतो. कुठल्या आईने कुणाबद्दल म्हटलेलं असेल हे? रविवारी आया भेटायला येतात. रॉबर्टाची आई अंगाने मोठी, गळ्यात भला मोठा क्रूस, हातात बायबल. ती दुसऱ्या बाईशी हात मिळवत नाही, मुलीला घेऊन निघून जाते. तिने डब्यात कोंबडीच्या तंगड्या आणल्या आहेत. ट्वायलाची आई घट्ट हिरवी पँट घालून आलेली, खायला काही आणायचंच विसरली. पोर ईस्टरच्या गोळ्या चघळते. काही वर्षांनंतर ट्वायला हमरस्त्यावरच्या हॉटेलात वाढप्याचं काम करते, रॉबर्टा दोन दाढीवाल्या पोरांबरोबर जिमी हेंड्रिक्सला भेटायला निघालेली. पुढे ट्वायलाचा नवरा अग्निशमन दलात. रॉबर्टा श्रीमंताघरी पडली, मोठ्या मोटारीतून भारी दुकानात येते, शतावरीच्या जुड्या घेते. ट्वायला त्याच दुकानात आइसक्रीम घ्यायला आली आहे. मग शाळांमध्ये गोऱ्या-काळ्या मुलांची सरमिसळ करण्याचा हुकूम निघतो आणि दोघी रस्त्याच्या दोन बाजूंना फलक घेऊन उभ्या राहतात. शेवटच्या भेटींमध्ये अनाथालयातल्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मुक्या मॅगीची आठवण निघते: तिला पाडलं कुणी, लाथा कुणी मारल्या, आणि ती होती कोण, गोरी की काळी? दोघींच्या आठवणी जुळत नाहीत.

मॉरिसन यांनी पुढे १९९२ च्या ‘प्लेइंग इन द डार्क’मध्ये लिहिलं की वर्ण ज्यांच्यासाठी कळीचा आहे अशा दोन पात्रांच्या कथेतून वर्णाच्या साऱ्या खुणा काढून टाकायचा हा प्रयोग होता. प्रयोग आपल्यावर होतो. आपण तंगड्यांवरून ठरवतो, हेंड्रिक्सवरून ठरवतो, शतावरीवरून ठरवतो. नृत्य करणारी आई म्हणजे अमुक, बायबल धरणारी म्हणजे तमुक. प्रत्येक खूण दोन्हीकडे लागू पडते हे माहीत असूनही मन पुढच्या खुणेवर झडप घालतं. आपली मराठी सवय तर त्याहून पक्की. नव्या शेजारणीचं आडनाव कळलं नाही तर गाव विचारायचं, गाव कळलं तर ‘तिथल्या कुणाच्यातले?’ म्हणायचं, तेही साधलं नाही तर डब्यात काय असतं ते पाहायचं आणि देव्हाऱ्यात कोण आहे ते. मॉरिसन यांच्या कथेत आडनावंही मिळतात, त्यात बेन्सन आणि नॉर्टन ही नवऱ्यांची. काहीएक हाती लागत नाही. आडनाव कळूनही माणसाचा पत्ता लागत नाही म्हटल्यावर मराठी वाचकाची होणारी पंचाईत मला फार मोलाची वाटते.

कुणी ही कथा वाचायला घेणार असेल तर माझी एक सूचना आहे. पहिल्या वाचनात तुमचा जो काही निकाल लागेल तो समासात पेन्सिलीने लिहून ठेवा: ट्वायला कोण, रॉबर्टा कोण, आणि कुठल्या वाक्यावरून. मग दुसऱ्यांदा नेमकं उलटं धरून वाचा. हात न मिळवणारी आई आता दुसऱ्या रंगाची. हॉटेलात कॉफी ओतणारी दुसऱ्या रंगाची. फलक घेऊन मोटारींसमोर उभी राहिलेली दुसऱ्या रंगाची. कथा तसूभर हलत नाही. पण त्या दुसऱ्या आईचा तुम्हाला जेवढा राग आला होता तेवढाच येतो का, आणि कॉफी ओतणारीची कीव आधीपेक्षा वाढते की घटते, तेही तिथेच समासात लिहा.